ध्रुवाजवळची मगर, वेताळ टेकडीवरची पानं: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्राचीन ध्रुवप्रदेशांवर एक छोटा लेख होता. आज बर्फाखाली असलेल्या भागांत एकेकाळी जंगलं होती आणि जीवाश्मांवरून तिथलं हवामान काढता येतं, एवढंच त्यात म्हटलं होतं. 'काढता येतं म्हणजे नेमकं कसं?' असं विचारणारी पत्रं आली. त्यांपैकी काहींना ही उत्तरं. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

एल्समियर बेटावर मगरीचे जीवाश्म सापडले, म्हणजे तिथं आपल्यासारखा उन्हाळा होता का? तापमानाचा आकडा येतो कुठून?
– निवृत्त शिक्षक, कोथरूड

आपल्यासारखा उन्हाळा नव्हता. एल्समियर हे कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाचं बेट. तिथल्या सुमारे ५ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या, इओसीन काळातल्या गाळात अ‍ॅलिगेटरच्या कुळातले प्राणी, कासवं, टॅपिर आणि कोरिफोडॉन नावाचा पाणघोड्याच्या बांध्याचा सस्तन प्राणी यांची हाडं आणि दात मिळतात. बेट तेव्हा दक्षिणेला असेल आणि नंतर वर सरकलं असेल, ही पहिली शंका. पण भूपट्टांचा हिशेब मांडला तर ते तेव्हाही ७५ अंश उत्तरेच्या पलीकडेच येतं. म्हणजे हवामानच वेगळं होतं.

आता आकडा. सोपा मार्ग असा की आजच्या मगरी कुठवर राहतात ते पाहायचं. त्यांच्या आढळाची सीमा साधारणपणे वार्षिक सरासरी १४ अंश सेल्सिअस आणि सर्वांत थंड महिन्याची सरासरी ५.५ अंश इथं येते. म्हणून एल्समियरचा हिवाळा किमान ५.५ अंशांचा, असं लावता येतं. यात एक गृहीत दडलेलं आहे: ५ कोटी वर्षांत त्या कुळाची थंडी सोसण्याची ताकद बदलली नाही.

दुसरा मार्ग दातांचा. प्राणी जे पाणी पितो त्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचं प्रमाण दातावरच्या एनॅमलमध्ये उतरतं, आणि पावसाच्या पाण्यातलं हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. मोठा दात तयार व्हायला बरेच महिने लागतात. म्हणून टोकापासून मुळाकडे ओळीनं बारीक खाचा घेऊन प्रत्येक खाचेतली पूड वेगळी तपासली की उन्हाळा-हिवाळा आलटून-पालटून दिसतो. हाडाची पूड इथं चालत नाही. हाड सच्छिद्र असतं, त्यात नंतरचं भूजल मुरतं आणि मग आपण प्राण्याचं नाही तर भूजलाचं प्रमाण मोजत बसतो. एल्समियरच्या दातांनी दिलेले आकडे असे: सर्वांत उष्ण महिना १९ ते २० अंश, सर्वांत थंड महिना ० ते ३.५ अंश, वार्षिक सरासरी सुमारे ८ अंश. पुण्याच्या जानेवारीची सरासरी तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याहून किंचित जास्त असते, म्हणजे तिथला ऐन उन्हाळा आपल्या जानेवारीहून जरा गारच.

मगर म्हणते हिवाळा ५.५ अंशांच्या वर, दात म्हणतात ३.५ अंशांच्या आत. यातलं एक खोटं ठरवण्याची घाई करू नये. आजचे अमेरिकी अ‍ॅलिगेटर पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तरी नाकपुड्या वर ठेवून काही दिवस तग धरतात, त्यामुळे मगरीची सीमा थोडी खाली सरकू शकते. उलट दातांचा आकडा काढताना पाऊस आणि तापमान यांचं तेव्हाचं नातं गृहीत धरावं लागतं, त्यामुळे तोही थोडा वर जाऊ शकतो. आर्क्टिक समुद्रतळाच्या गाळात त्याच सुमाराचे ताडवर्गीय झाडांचे परागकण मिळाले आहेत, आणि ताडांना कडक गोठण सोसत नाही. तिन्ही मिळून इतकं नक्की म्हणता येतं की हिवाळा गारठ्याचा होता, पण जमीन महिनोन्‌महिने गोठलेली नव्हती. एकाच जीवाश्मावरून दशांश चिन्हानंतरचे आकडे सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका.

आम्ही गोठ्यामागच्या खड्ड्यात अझोला (पाण्यावर तरंगणारा छोटा नेचा) करतो. हा अझोला आर्क्टिक समुद्रात होता असं वाचलं. खाऱ्या पाण्यात तो टिकेल कसा?
– दुग्धव्यावसायिक, मावळ

टिकत नाही, आणि तीच यातली मेख आहे. २००४ साली आर्क्टिकच्या मध्यभागी लोमोनोसोव्ह रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर समुद्रतळाला भोक पाडून गाळाचा नमुना काढला गेला. त्यात सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा अझोलाच्या बीजाणूंनी खच्चून भरलेला, ८ मीटर किंवा त्याहून जाड थर मिळाला. अझोलाला गोडं पाणी लागतं. तेव्हा आर्क्टिक समुद्र इतर महासागरांपासून जवळजवळ तुटलेला होता, आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर पसरून राहत असे. हे दर उन्हाळ्यात घडत असावं, आणि असं सुमारे ८ लाख वर्षं चाललं.

बीजाणू नद्यांनी आसपासच्या तळ्यांतून वाहून आणले असतील, ही शंका रास्त आहे. तसं असतं तर मधल्या समुद्रात लहान-मोठ्या बीजाणूंची फाटाफूट झालेली दिसली असती. प्रत्यक्षात मोठे आणि छोटे बीजाणू एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत, मोठ्या संख्येनं मिळाले. वनस्पती तिथंच तरंगत होती.

पानांच्या कडेवरून तापमान काढण्याचं सूत्र कसं वापरायचं? जीवाश्म हाताशी नसताना सराव करता येईल का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

करता येईल, आणि त्यासाठी पुण्यातली वेताळ टेकडी पुरेशी आहे.

बेली आणि सिनॉट यांनी १९१५-१६ मध्ये दाखवलं की उष्ण प्रदेशातल्या लाकडी द्विदल वनस्पतींत अखंड कडेच्या पानांच्या जाती जास्त असतात, थंड प्रदेशात दातेरी कडेच्या. पुढे पूर्व आशियातल्या जंगलांच्या नोंदींवरून सूत्र बसवलं गेलं:

वार्षिक सरासरी तापमान = ३०.६ × अ + १.१४

यात 'अ' म्हणजे अखंड कडेच्या जातींचं एकूण जातींशी प्रमाण. समजा एका ध्रुवीय थरात लाकडी द्विदलांच्या २४ जाती ओळखल्या आणि त्यांपैकी ७ अखंड कडेच्या निघाल्या. ७ भागिले २४ म्हणजे ०.२९, तापमान सुमारे १०.१ अंश. लगेच चूकही, म्हणजे उत्तर किती इकडे-तिकडे असू शकतं तेही, काढायची: अ × (१ − अ) याला जातींच्या संख्येनं भागा, वर्गमूळ घ्या, ३०.६ नं गुणा. इथं ती २.८ अंश येते. म्हणून लिहायचं ते '१० अंश, अधिक-उणे ३'. वीसपेक्षा कमी जाती असतील तर गणित करूच नये, चूक इतकी फुगते की आकड्याला अर्थ उरत नाही.

सर्वांत जास्त होणारी गफलत म्हणजे पानं मोजणं. मोजायच्या असतात जाती. एका झाडाची ४०० पानं गाळात असली तरी ती एकच. दुसरी गफलत दात्यांची. कांचनाचं पान मध्ये दुभंगलेलं असतं, पण कड अखंड, म्हणून तो अखंडात. बोराचे दाते इतके बारीक की भिंगाशिवाय पान अखंड वाटतं. संयुक्त पान असेल तर पर्णिकेची कड पाहायची. एखाद्या जातीत दोन्ही प्रकार आढळले तर तिला अर्धा गुण. काटे किंवा कडेवरचे केस म्हणजे दाते नव्हेत. दात्यात शीर गेलेली असते. किड्यानं कुरतडलेली कडही दातेरी भासते, पण कुरतडीत शीर मध्येच तुटलेली दिसते.

टेकडीवर यादी करताना ग्लिरिसिडिया, गुलमोहर, सुबाभूळ ही बाहेरून आणून लावलेली झाडं, आणि गवतं, मऊ रोपं, ताड, सूचिपर्णी हे सगळं वगळा. वड, पळस, करंज अखंडात. कडुनिंब, मुरुडशेंग, सालई दातेरीत. समजा ३० जातींत २४ अखंड निघाल्या, तर उत्तर २५.६ येईल, अधिक-उणे २.२. पुण्याची वार्षिक सरासरी पंचविशीतलीच. तुमचा आकडा १८ आला तर सूत्राला दोष देण्याआधी यादी पुन्हा तपासा, बहुतेक वेळा ओढ्याकाठच्याच जाती गोळा केलेल्या असतात.

ध्रुवीय थरांतही गोम नेमकी तीच आहे. पानांचे जीवाश्म होतात ते तळ्या-नद्यांच्या काठी, आणि पाणथळ काठावर दातेरी जातींचं प्रमाण आसपासच्या रानापेक्षा जास्त असतं. त्यामुळे उत्तर खरं होतं त्याहून थंड येतं. शिवाय दातेरी कड आणि पानझड यांची सोबत दिसते. ध्रुवाजवळची झाडं पानझडी असण्यामागं थंडीइतकाच लांब काळोखही असू शकतो, म्हणजे तिथंही दातेरी जाती वाढतात आणि उत्तर आणखी थंडीकडे झुकतं. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात, म्हणून ध्रुवीय वनांसाठी या सूत्राचा आकडा 'निदान इतकं तरी' असा वाचावा. कडेबरोबर पानाचा आकार, टोक, तळ अशी एकतीस लक्षणं एकत्र घेणारी क्लॅम्प नावाची पद्धत आहे. ती जास्त सांगते, पण तिला शाबूत पानं लागतात, आणि ती मिळणं नशिबाची गोष्ट.

शेलच्या (चिखलाचा दगड होऊन बनलेल्या खडकाच्या) तुकड्यातून परागकण वेगळे करायचे आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल?
– बी.एस्सी. तृतीय वर्ष, हडपसर

अर्धं जमेल. उरलेलं अर्धं योग्य सोय असलेल्या ठिकाणीच करा. कारण पुढे येईल.

२० ते २५ ग्रॅम खडक घ्या. बाहेरचा थर खरवडून टाका, धुवा, वाटाण्याएवढे तुकडे करा. पूड केली तर परागही चिरडतात. आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, फेस थांबेपर्यंत. ही पायरी गाळली तर पुढच्या आम्लाशी चुना मिळून कॅल्शियम फ्लोराइडचा न विरघळणारा साका बसतो आणि सगळा नमुना वाया जातो. पाणी बदलत बदलत आम्ल पूर्ण काढा. मग सिलिकेट विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल, एक-दोन दिवस. हे काचही खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकचीच. आणि माणसालाही सोडत नाही: त्वचेवर पडलं तर बऱ्याचदा सुरुवातीला दुखतही नाही, पण आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधतं आणि जिवावर बेततं. हवा खेचणारं कपाट, जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर बाटली उघडू नका. साध्या हातमोज्यांवर भागवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

त्यानंतर उरलेला गाळ घनता २.० ते २.२ असलेल्या झिंक ब्रोमाइडच्या द्रावणात फिरवला की खनिजं तळाला बसतात, पराग वर येतात. १० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळा, ग्लिसरीन जेलीत काचपट्टी करा आणि किमान २०० ते ३०० कण मोजा. खडक कठीण नसून मऊ चिखल असेल तर हायड्रोफ्लोरिक टाळता येतं. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या पाण्यात भिजवून चिकणमाती सुटी करायची, जाळीतून धुवायची आणि थेट जड द्रावणावर यायचं. तुम्ही इथून सुरुवात करा.

एका ग्रॅममध्ये किती कण हे हवं असेल तर सुरुवातीलाच ठरावीक संख्येचे लायकोपोडियम बीजाणू असलेली गोळी टाकतात. मोजलेले जीवाश्म कण भागिले मोजलेले लायकोपोडियम, गुणिले गोळीतली संख्या, भागिले नमुन्याचं वजन. ध्रुवीय नमुन्यांत इथं एक खोडा आहे: लायकोपोडियमच्या कुळातल्या वनस्पती तिथं खरोखरच वाढत होत्या. गोळीतले बीजाणू न चेपलेले आणि ताज्या रंगाचे असतात, खडकातले सहसा चपटे. रोज एक पट्टी निव्वळ गोळीची ठेवून डोळा बसवून घ्या.

आणि एक रिकामा नमुना सगळ्या पायऱ्यांतून न्या, ज्यात खडकच नाही. पर्मियन काळात (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) सपुष्प वनस्पतीच नव्हत्या. त्या काळच्या खडकात काटेरी गोल परागकण दिसला तर तो खिडकीतून आलेलं काँग्रेस गवत आहे, शोध नव्हे.

पराग आणि सूक्ष्मजीव वाऱ्यानं कुठूनही येऊ शकतात. मग 'तिथं जंगल होतं' हे कशाच्या जोरावर म्हणतात?
– अभियंता, चिंचवड

जागच्या जागी मुळं मिळाली की. २०१७ साली पश्चिम अंटार्क्टिकाजवळ अमुंडसेन समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यात असंच झालं. नमुन्याचा सीटी स्कॅन केला तेव्हा सुमारे ३ मीटर भागात मुळांचं अखंड जाळं दिसलं, एकमेकांत गुंतलेलं, मूळ मातीसकट. काळ सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा, जागा तेव्हा ८२ अंश दक्षिणेला. त्याच मातीत साठाहून जास्त प्रकारचे पराग आणि बीजाणू होते. वार्षिक सरासरी १२ ते १३ अंश असावी असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुळं वाऱ्यानं येत नाहीत.

याच्या उलट बाजूचा वाद सिरियस गटातल्या खडकांचा. ट्रान्स-अंटार्क्टिक पर्वतांत उंचावर असलेल्या या हिमनदीच्या गाळात समुद्री डायटम (काचेसारख्या कवचाची सूक्ष्म एकपेशी शैवालं) सापडले. त्यावरून १९८४ मध्ये मांडणी झाली की सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाची बर्फाची चादर बरीच वितळली होती, आत समुद्र शिरला होता आणि नंतर हिमनद्यांनी तो चिखल खरवडून डोंगरावर नेला. विरोधकांचं म्हणणं असं की डायटम धुळीइतके हलके, वाऱ्यानं येऊन खडकाच्या फटींत बसले. पुढे ध्रुवाजवळच्या बर्फातही वाऱ्यानं आलेले डायटम मिळाले, आणि वाऱ्याची बाजू भक्कम झाली.

गंमत अशी की त्याच गटात, ध्रुवापासून साधारण ५०० किलोमीटरवर ऑलिव्हर ब्लफ्स इथं नोथोफॅगस या दक्षिण गोलार्धातल्या झाडाच्या खुरट्या झुडपांच्या काड्या, मुळं आणि पानं आहेत, सोबत भुंगेऱ्यांचे अवशेष. काड्यांतली वाढीची वलयं अत्यंत अरुंद. त्यावरून काढलेलं चित्र म्हणजे वार्षिक सरासरी उणे १२ अंश, थोड्या आठवड्यांचा उन्हाळा, तेव्हा तापमान ५ अंशांपर्यंत. झुडपं तिथंच वाढली याबद्दल कुणाला शंका नाही. पण गाळाचं वय मुख्यतः त्या डायटमवर टेकलेलं होतं, आणि तोच टेकू काढून घेतला गेला. काय होतं हे पक्कं, कधी होतं यावर भांडण.

चार महिने सूर्य नसताना झाडं जगली कशी?
– अनेक वाचक

८० अंश उत्तरेला साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. बरीच वर्षं सरळ उत्तर असं दिलं जाई की सदाहरित झाड काळोखात श्वसन करून साठा संपवतं, म्हणून तिथं पानझडी झाडं जिंकली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेटासेक्वोइया, गिंको अशी पानझडी आणि सेक्वोइयासारखी सदाहरित रोपं कृत्रिम ध्रुवीय हिवाळ्यात वाढवली. निकाल उलटा आला: काळोखातल्या श्वसनात सदाहरित झाड जेवढा कार्बन गमावतं, त्याच्या कितीतरी पट पानझडी झाड पानं टाकण्यात गमावतं. म्हणजे काळोखाचं जुनं उत्तर पुरं पडत नाही. उन्हाळ्यात चोवीस तास मिळणाऱ्या उजेडाचा झपाट्यानं फायदा घेणं हेही कारण असू शकतं.

एल्समियरशेजारच्या अ‍ॅक्सल हायबर्ग बेटावर सुमारे ४ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या मेटासेक्वोइयाचे बुंधे उभे आहेत, खाली पानांचा पाचोळा. त्यांचा दगड झालेला नाही, लाकूड करवतीनं कापता येतं. वलयं मोजायला याहून चांगली वस्तू नाही, पण उकरून उघड्यावर ठेवलं की कोरडं पडून तडकतं. म्हणून ओलं असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात आणि वाळवायचं ते अगदी सावकाश.

महाराष्ट्रात असं काही बघायला मिळतं का?
– गिर्यारोहक, सदाशिव पेठ

पुण्याच्या आसपास नाही, इथं सगळा बेसॉल्ट. चंद्रपूरकडे जा. इरईजवळ तालचीर काळातल्या (सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) हिमनदीनं घासून ओरखडे पाडलेला खडक आहे, आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिसची जिभेच्या आकाराची, जाळीदार शिरांची पानं मिळतात. फेब्रुवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहीमवीर स्कॉटच्या तुकडीनं बिअर्डमोर हिमनदीजवळ सुमारे १६ किलो खडक गोळा केले आणि शेवटपर्यंत ओढत नेले, त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होतं. दोन्ही भूभाग गोंडवन या प्राचीन एकसंध खंडाचे. या झाडाच्या मुळांत हवेचे कप्पे असत, त्यावरून ते दलदलीत उभं असे हे कळतं. पानं थरांत गठ्ठ्यानं मिळतात, म्हणून ते ठरावीक हंगामात पानं गाळत असावं.

सिंहगडाच्या वाटेवर दगडावर नेच्यासारखा काळा ठसा मिळाला. सोबत फोटो. जीवाश्म आहे का?
– आठवीतला विद्यार्थी, धायरी

नाही. हा डेन्ड्राइट आहे. दगडाच्या फटीत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज साचून अशी नक्षी उमटते. भिंगातून बघ: मधली शीर नाही, पर्णिका नाहीत, फाटे कसेही फुटतात आणि सगळी नक्षी फटीच्या एकाच सपाटीत आहे. नेच्याच्या पानात दोन्ही बाजूंच्या पर्णिका ठरावीक अंतरानं येतात आणि प्रत्येकीत शीर असते. दगड ठेवून दे. मागं पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर जागा आणि तारीख लिही. कुठून आणला हे विसरलं की खऱ्या जीवाश्माचाही उपयोग उरत नाही.